थेरगावात मंगळाची शिफ्ट

त्या वर्षी मी तीन महिने मंगळाच्या घड्याळावर जगले, आणि तेही थेरगावात, आईवडिलांच्या घरातल्या मागच्या खोलीत.

खरं तर तसं काही ठरलेलं नव्हतं. मी परदेशातल्या एका विद्यापीठात संशोधन करत होते. मंगळावर उतरणाऱ्या एका रोव्हरचं थोडं काम आमच्या गटाकडे होतं. रोव्हर म्हणजे सहा चाकांची, माणूस नसलेली गाडी. तिथल्या दगडधोंड्यांतून फिरते, फोटो काढते, हवा मोजते. तो उतरायच्या आधी तीन आठवडे घरी राहून येऊ म्हणून मी आले, आणि कोरोनामुळे परतीची विमानं बंद झाली. आमच्या गटाच्या प्रमुख बाई फोनवर म्हणाल्या, "तिथूनच कर. इथे तरी कोण ऑफिसात जातंय?"

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते मूळचे लातूरकडचे. लग्न झाल्यावर पिंपरीत आले आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तपासणी खात्याला लागले. पुढे कंपनी चाकणला गेली, तसे तेही रोज डांगे चौकातून कंपनीच्या बसने चाकणला जायला लागले. मी घरी अडकले तेव्हा त्यांना रिटायर होऊन दोनेक वर्षं झाली होती. सकाळी पेपर, मग टाकीत पाणी चढवणं, मग पुन्हा तोच पेपर असा त्यांचा दिवस जायचा.

रोव्हर उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "मग तुझी शिफ्ट कोणती?"

"रोज बदलते, अण्णा."

"आठवड्याला बदलती म्हण."

"नाही, रोज. तिथला दिवस आपल्या दिवसापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा असतो. रोव्हर दिवसभर काम करतो, संध्याकाळी फोटो पाठवतो आणि झोपतो. तो झोपला की आमचं काम सुरू. आज दुपारी दोनला बसले तर उद्या दोन चाळीसला, परवा तीन वीसला."

अण्णांचा घास हातातच राहिला. "म्हणजे बारा दिवसांनी तुझी नाईट लागली. आणि सव्वा महिन्यानं फिरून पुन्हा दोनला."

"हो."

"आमच्या कंपनीनं असं केलं असतं ना, तर युनियननं गेटच बंद केलं असतं."

पण जेवण झाल्यावर त्यांनी गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, पान उलटं केलं आणि पट्टी घेऊन रकाने आखायला बसले. तारीख, काम सुरू, काम बंद, झोप, जेवण. नव्वद दिवसांचा तक्ता. मला कॉम्प्युटरवर हे दोन मिनिटांत करता आलं असतं, पण मी त्यांना पेन्सिलीला टोक करून दिलं. तक्ता त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. माझ्या लहानपणी त्याच जागी त्यांच्या शिफ्टचा कागद असायचा.

त्या कागदावर आमचं सगळं घर चालायचं. त्यांची नाईट असली की दिवसभर मी आणि माझा भाऊ चवड्यांवर चालायचो. पाढे म्हणायचे ते जिन्यात बसून. कुकरची शिट्टी वाजायच्या बेतात आली की आई चमच्याने ती अलगद उचलून वाफ सोडून द्यायची. पाहुणे आले तर त्यांना बाहेरच्या ओट्यावर चहा. एकदा माझ्या हातून स्टीलचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगर फिरत कितीतरी वेळ वाजत राहिलं. अण्णा उठून बाहेर आले. रागावले नाहीत. उंबऱ्यावर बसले, डोळे चोळले आणि आईला म्हणाले, "टाक चहा, आता काय झोप येत न्हाई." त्या दिवशी ते तसेच कामावर गेले. त्यांनी दोन धपाटे घातले असते तर बरं वाटलं असतं, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

आता सगळं उलटं झालं. मी सकाळी झोपायला लागले, तशी अण्णांनी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मागच्या खोलीच्या खिडकीत घट्ट बसवला. दाराच्या बेलची वायर काढून टाकली. दूधवाल्याला सांगितलं, कडी वाजवायची नाही, पिशवी अडकवून जायचं. वरच्या मजल्यावर चाकणला कामाला जाणारे तीन भाडेकरू राहायचे. त्यांना अण्णा जिन्यात गाठून म्हणाले, "पोरांनो, गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत न्या आणि मग चालू करा. पोरगी कामावरून येऊन झोपलेली असती." कामावरून येऊन म्हणजे टेबलावरून उठून, पण त्या तिघांनी काही विचारलं नाही. शिफ्टवाल्याला शिफ्टवाल्याचं कळतं.

समोरच्या काकूंना मात्र कळत नव्हतं. एकदा त्यांनी आईला विचारलंच, "एवढी शिकलेली पोरगी, उन्हं वर आली तरी झोपलेली कशी हो?"

"तिची शिफ्ट आहे," आई म्हणाली.

"कुठल्या कंपनीची?"

"लांबची आहे," म्हणून आईने विषय संपवला.

आईलाही मी नक्की काय करते ते धड माहीत नव्हतं. एके दिवशी खिडक्यांचे गज पुसता पुसता तिने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "धूळ मोजते."

"कशावरची?"

"कशावरची नाही, हवेतली. मंगळाच्या हवेत कायम धूळ तरंगत असते. मैद्याहून बारीक."

आईने हातातलं फडकं मला दाखवलं. डांगे चौकाकडून येणारा रस्ता तेव्हा खोदून ठेवलेला होता. दुपारी पुसलेल्या फ्रीजवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता यायचं. "मग आधी ही मोज," ती म्हणाली. "तिथं तर पुसायला बी कोण न्हाई." आणि स्वतःच हसत सुटली.

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. मंगळावरची हवा अगदी विरळ, तिथे आपल्यासारखे पावसाळी ढग नाहीत, त्यामुळे तिथल्या हवामानात धुळीचंच राज्य. धूळ वाढली की ऊन कमी होतं, दिवस थंड पडतात, वारे बदलतात. कधीकधी तर अख्खा ग्रह धुळीने झाकून जातो. पुढेमागे तिथे काही उतरवायचं असेल तर हवेत किती धूळ आहे ते आधी माहीत पाहिजे. मोजायची पद्धत सोपी. रोव्हरचा कॅमेरा काळ्या काचेतून सरळ सूर्याचा फोटो काढतो. सूर्याचा उजेड जितका कमी पोचला, तितकी मधल्या हवेत धूळ जास्त.

सूर्याचा पहिला फोटो आला तेव्हा मी दोघांनाही हाक मारली. करड्या चौकोनात एक पांढरा ठिपका, बस्स. मला वाटलं, त्यांची निराशा होईल. आईने पदराला हात पुसले आणि वाकून बघितलं.

"हा आपलाच सूर्य?"

"आपलाच. जरा लांबून."

"बारीक झालाय गं," ती म्हणाली आणि सवयीने हात जोडले.

अण्णांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "काच किती काळी घेतलीय?" मी आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली, जणू तेवढीच पाहिजे होती.

पुढचे दिवस या तक्त्यावर सरकत गेले. माझं जेवण कधी दुपारी चारला, कधी रात्री अकराला, कधी पहाटे. वेळ कोणतीही असो, अण्णा माझ्यासोबत पानावर बसायचे. मी म्हणायची, "तुम्ही कशाला जागताय?" ते म्हणायचे, "शिफ्टमधी एकट्यानं जेवलं की अंगी लागत न्हाई." त्यांच्याकडे शिफ्टचं सगळं शास्त्र होतं आणि ते मला एकेक करून मिळत गेलं. निम्मी शिफ्ट झाली की चहा बंद. पोटभर जेवून कामाला बसायचं नाही. सकाळी काम संपलं की उजेड बघायचा नाही. पाय धुवायचे आणि सरळ अंथरुणात. आणि झोप आली नाही तर घड्याळ बघायचं नाही, ते सगळ्यात वाईट. तीस-बत्तीस वर्षांत त्यांनी ते कुणाला शिकवलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. भाऊ बँकेत लागला होता. त्याला दहा ते सहा.

लहानपणी मला वाटायचं, हा माणूस एक तर झोपलेला असतो नाहीतर कामावर असतो. आता मला तो चोवीस तासांतल्या कुठल्याही वेळी भेटत होता.

साधारण सातव्या आठवड्यात माझे आकडे वाढायला लागले. रोज थोडी थोडी, पण न चुकता, मंगळावरच्या हवेतली धूळ वाढत होती. धुळीचा हंगाम तिथे अजून बराच लांब होता. त्यामुळे मला आधी काळजी वाटली आणि मग, खरं सांगायचं तर, आनंद झाला. हंगाम नसताना धूळ वाढतेय हे सगळ्यात आधी मला दिसलं होतं. मी आलेख काढला, त्यावर दोन पानांचं टिपण लिहिलं. पुढच्या मीटिंगमध्ये ते मांडायचं होतं.

त्या दिवशी शिफ्टच्या आधी अण्णा चहा घेऊन आले. स्क्रीनवरची चढती रेघ बघून म्हणाले, "वाढायलीय का?"

"हो. रोज."

"रोज सारखीच?"

"जवळजवळ सारखीच."

ते स्क्रीनजवळ वाकले. "कॅमेऱ्याच्या काचेवर तर बसली नसंल?"

मी झटकन म्हटलं, "अण्णा, ही माणसं काय वेडी आहेत का? सगळा विचार करूनच पाठवलाय त्यांनी तो."

"तसं न्हाई गं, मी आपलं..."

"आणि हे तुमच्या कंपनीतलं मापाचं गेज नाहीये."

"बरं," ते म्हणाले. आधीचा रिकामा कप उचलला आणि गेले. दार त्यांनी नेहमीसारखंच आवाज न करता ओढून घेतलं.

मीटिंगमध्ये मी आलेख दाखवला. वेगवेगळ्या देशांतून घरी बसलेली दहा-बारा माणसं ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर प्रमुख बाईंनी शांतपणे विचारलं, "काचेवर बसलेली धूळ यातून वेगळी काढलीस का?"

मला वाटत होतं, ते काम दुसऱ्या एका सहकाऱ्याने आधीच केलंय. त्याला वाटत होतं, मी करतेय. कुणीच केलं नव्हतं. मी स्क्रीनवरचा आलेख काढून घेतला. बाई रागावल्या नाहीत. "दोन दिवस घे आणि परत दाखव," एवढंच म्हणाल्या.

ती वेगळी काढायची युक्ती अवघड नाही. सूर्य डोक्यावर असला की त्याचा उजेड थोड्या हवेतून येतो. कलला की तिरका, जास्त हवेतून येतो. हवेत धूळ असेल तर सकाळ-संध्याकाळचा सूर्य दुपारच्यापेक्षा खूपच मंद दिसतो. पण काचेवरची धूळ सकाळ बघत नाही की दुपार, ती सगळ्या वेळी सारखाच उजेड खाते. म्हणून वेगवेगळ्या वेळचे फोटो शेजारी ठेवून दोन्हींचा हिस्सा निराळा करता येतो. मी दोन दिवस तेच केलं. वाढलेल्या धुळीतला बराच मोठा भाग काचेवरचा निघाला. हवेतली धूळ वाढली होती, पण जराशीच. टिपण लिहिण्याएवढी मुळीच नाही. नवे आकडे मी पाठवून दिले.

ते दोन दिवस अण्णांनी मला काही विचारलं नाही. जेवायला सोबत बसायचे, वाढायचे, भाजी कशी झालीय ते बोलायचे. स्क्रीनकडे मात्र बघायचे नाहीत. मला वाटत होतं, सांगावं. आणि सांगवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माझं काम दुपारी संपलं. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी यायचं आणि तो पाण्याचा दिवस होता. अण्णा गच्चीवर टाकीपाशी होते. मी वर गेले. ऊन कडक होतं, ते टाकीच्या सावलीला उकिडवे बसून नळाला दोरा गुंडाळत होते.

"अण्णा, काचेवरचीच निघाली."

"काय?"

"धूळ. तुम्ही विचारलं होतं ना."

"हां." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "मग? निस्तरलं का?"

"निस्तरलं. मीटिंगमध्ये विचारलं त्यांनी, सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर?" त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. त्यांना तेवढंच लागलेलं दिसलं.

"मी उगाच चिडले तुमच्यावर."

 त्यांनी पान्ह्याने नळ आवळला, सोडून बघितला, पुन्हा आवळला. मग म्हणाले, "नवीन होतो तवा. सेकंड शिफ्ट. पिना तपासायला दिल्या होत्या. एकेक पिन मायक्रोमीटरमधी धरायची, माप बघायचं. सगळ्या जाड भरायल्या. मला वाटलं, मशीनवाल्यानं घोळ घातला. मी अख्खी पेटी लाल रंग लावून बाजूला काढली. लाल म्हणजे भंगार. लई हुशारी वाटली मला."

"मग?"

"शिफ्ट सुटायच्या टायमाला फोरमन आला. त्यानं पिन न्हाई उचलली, मायक्रोमीटर उचलला. आधी पिन न धरता मोकळा जबडा मिटून बघितला, शून्य काय येईना. मग कागदाचा तुकडा जबड्यात धरून हळूच ओढला. जबड्याला लोखंडाचा कीस चिकटला होता. केसाएवढा. पिना सगळ्या बरोबर होत्या."

"काही बोलला का तो?"

"काय न्हाई. थिनरचा डबा आणून ठिवला माझ्याम्होरं. मी पेटीभर पिनांचा रंग पुसत बसलो. बस गेली. पिंपरीहून चालत आलो घरी." ते हसले. "तुझ्या आईला सांगितलं, ओव्हरटाइम होता."

"आईला अजून माहीत नाही?"

"न्हाई. आणि तू बी सांगू नको."

मी आजपर्यंत सांगितलं नव्हतं. आता इथे लिहिलंय, म्हणजे तिला कळेल.

आठवड्याभराने एक गंमत झाली. दुपारच्या फोटोंमध्ये सूर्य अचानक उजळ दिसायला लागला. जुन्या पद्धतीने हिशेब केला असता तर मंगळावरची हवा एका दिवसात निवळली असं दिसलं असतं. पण नव्या हिशेबात हवेचा आकडा जवळपास होता तिथेच राहिला आणि काचेचा आकडा धाडकन उतरला. वाऱ्याची नोंद बघितली तर त्या दिवशी दुपारी एक वावटळ रोव्हरवरून गेली होती. ती काच झाडून गेली होती. आमचा नवा हिशेब बरोबर असल्याचा त्याहून चांगला पुरावा मिळाला नसता. प्रमुख बाईंनी सगळ्यांना पाठवलेल्या पत्रात माझं काम चांगलं झाल्याचं लिहिलं.

मी ते पत्र अण्णांना वाचून दाखवलं. त्यांचं लक्ष पत्राकडे नव्हतंच. "वावटळीनं पुसली?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "अशी आली आणि पुसून गेली?" संध्याकाळी त्यांनी लातूरला फोन करून माझ्या चुलत्यांनाही सांगितलं. मोठ्याने, दार उघडं ठेवून. मी जागी होते म्हणून चाललं.

तीन महिने संपले तसा गटाने मंगळाचं घड्याळ सोडलं. अशा सगळ्या मोहिमांत तसंच करतात. त्याहून जास्त दिवस माणसाला झेपत नाही. आम्ही पृथ्वीच्या वेळेवर आलो, आणि काही महिन्यांनी विमानं सुरू झाल्यावर मी गेले. आता मी परत आलेय, तळेगावला राहते. रोव्हर अजून फिरतो आहे. सूर्याचे फोटो अजून येतात, पण त्यातून धूळ मोजायचं बरंचसं काम आता प्रोग्रॅमच करतो. थेरगावचं घर भाड्याने दिलंय. आई आणि अण्णा गावाकडे असतात. मी दोन-तीन महिन्यांनी जाऊन येते. गावाकडे अण्णा नऊला झोपतात आणि पाचला उठतात, आणि आम्ही जागेपणी एकत्र असतो तो वेळ पाहुण्यासारखा जातो. त्या तीन महिन्यांत जसे ते वेळी-अवेळी भेटायचे, तसे पुन्हा भेटले नाहीत.

शेवटची शिफ्ट संपल्यावर पहिल्यांदा मी चारचौघांसारखी रात्री झोपले आणि सकाळी सहाला उठले, तो दिवस मला आठवतो. खिडकीत पुठ्ठा नव्हता. अण्णांनी तो पहाटेच काढला असावा. आई म्हणाली, "जा की त्यांच्यासंग मंडईला, मेथी आण." तेव्हा बाजार सकाळी थोडा वेळच उघडा असायचा. आम्ही दोघं मास्क लावून निघालो. गल्लीतून चौकापर्यंत काहीच बोललो नाही. शिफ्ट नव्हती, तक्ता नव्हता, फोटो आलेला नव्हता. एवढे दिवस सोबत जेवलो आणि आता बोलायला विषय सापडत नाही, याचं मला वाईट वाटायला लागलं.

भाजीच्या गाड्यांपाशी आल्यावर अण्णा एकदम म्हणाले, "त्या रोव्हरची चाकं कशाची असतात गं?"

"अॅल्युमिनियमची."

"जोडकाम?"

"नाही. अख्ख्या ठोकळ्यातून कोरून काढतात. कड अगदी पातळ असते."

"एका ठोकळ्यातून?" ते रस्त्याच्या मधेच थांबले. मागून येणारा सायकलवाला वळसा घालून गेला. "मग आतलं सगळं मटेरियल काढूनच टाकलं की. किती पातळ म्हणालीस? आणि दगडावरून चालायचं? अगं, ते पकडलं कसं असंल मशीनवर? पातळ वस्तू जरा जोरात आवळली की वाकती."

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"विचार मग तुझ्या बाईला," ते म्हणाले. मेथीवाल्याने दोन जुड्या पुढे केल्या, त्या त्यांनी न बघताच पिशवीत टाकल्या, आणि दोन्ही हातांनी हवेत एक चाक धरून ते मला दाखवायला लागले, आपण असतो तर ते कुठून पकडलं असतं.